बंद पडलेल्या यंत्रावर ऐकलेलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाद्रीबाबालासुद्धा नाही. दर ईस्टरला कबुलीच्या लाकडी जाळीपाशी गुडघे टेकले, बारीकसारीक पापं ओळीनं सांगितली — कुणावर रागावलो, कुठे खोटं बोललो — आणि हे तेवढं गिळून उठलो. पाद्रीबाबा बदलले, मी नाही बदललो. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मला नीटसं माहीत नाही.

लढाईत मी फौजेच्या बिनतारी खात्यात होतो, ब्रह्मदेशाच्या बाजूला. कानाला भोंगे लावून दिवसभर कट-कडकट ऐकायचं आणि त्याची अक्षरं करायची, एवढंच काम. लढाई संपली, मी तारोडीला घरी आलो, आणि गावात माझ्या त्या विद्येला काही किंमत नव्हती. मासे मारायला माझे हात मऊ पडले होते. लोक हसायचे. मग मुंबईत फौजेच्या भंगारात एक जुनं यंत्र मिळालं. ते मी दुरुस्त केलं, माळ्यावर पेंढ्याआड लपवलं. परवाना नव्हताच.

ते रेशनचे दिवस. दुकानात मिळायचा तो मिलो, परदेशी ज्वारी — लाल, कडवट, जनावरांनी तोंड फिरवावं असा. खाडीपलीकडे वसईला तांदूळ होता, पण परवान्याशिवाय अलीकडे आणायला बंदी. पोलिसांची एक लाँच खाडीवर फिरायची आणि तिच्यावर बिनतारी बसवलेली होती. ती कुठे आहे, कुठे निघाली, हे ती ठाणे शहरातल्या पोलीस कचेरीला कळवायची. साध्या इंग्रजीत, उघड. तारोडीत कुणाला ते ऐकू येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसावं.

मला ऐकू यायचं. लाँचवर बोटं मारणारा माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्याचा हात ओळखायचो — एका अक्षरावर तो नेहमी अडखळायचा. मी सांगायचो, लाँच घोडबंदरला गेली, आणि आमच्या होड्या दिवसाउजेडी जाळ्यांखाली पोती घालून खाडी ओलांडायच्या. वर्षभर एकही होडी सापडली नाही. हसणारे लोक आता माळ्याच्या शिडीखाली उभे राहून वाट बघायचे. मी खाली उतरलो की सगळे गप्प. ते गप्प होणं मला किती आवडायचं — ते सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गावात वीज नव्हती. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालायचं आणि ती भरून आणायला भाईंदरला, स्टेशनाजवळच्या दुकानात, बैलगाडीनं न्यावी लागायची. मावसबहिणीच्या लग्नात मी काय केलं? यंत्र मांडवाशेजारच्या खोलीत नेलं आणि कर्णा जोडून दोन दिवस रेडिओवरची गाणी वाजवली. बायका दारात गोळा झाल्या, म्हातारे कौतुक करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी मेलेली.

त्याच दिवशी इनासची होडी निघायची होती.

इनास माझ्या वयाचा. आम्ही एका बाकावर शिकलो. त्याची आई रेजीन मावशी, घरात दुसरं कुणी नाही. तो शिडी चढून वर आला. त्या दिवशी शिडीखाली आणखी चार-पाच जण होते. मी भोंगे कानाला लावले. आत काही नव्हतं. कसलीही खरखर नाही. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, की बॅटरी गेली, आज नको, उद्या जा. एक दिवस. एका दिवसानं काय बिघडणार होतं? पण गाणी वाजवून बॅटरी संपवली हे त्या लोकांसमोर कबूल करायचं? मी डोळे मिटले. मान डोलावली. कागदावर पेन्सिलीनं टिंबं आणि रेघा काढल्या — खोट्या, अशाच.

"काय म्हंतं रं यंत्र?" इनासनं विचारलं. "जाऊ का?"

"जा," मी म्हटलं. "लाँच रेल्वेच्या पुलापाशी हाय. संध्याकाळपर्यंत हलत न्हाय."

पुलापाशी. ते मी कुठून काढलं, मला आजही कळत नाही.

परतताना खाडीच्या तोंडाशी त्यांच्या होडीची लाँचशी गाठ पडली. इनास पोती पाण्यात ढकलायला लागला. वर घातलेल्या जाळ्यात त्याचा पाय अडकला आणि पोत्यांबरोबर जाळं गेलं, जाळ्याबरोबर तो. होडीवर त्याचा काका होता, त्यानं हे डोळ्यांनी पाहिलं. त्याला पोलिसांनी धरून नेलं आणि चार दिवसांनी सोडलं. इनास दुसऱ्या दिवशी ओहोटीला मिळाला.

दफन झाल्यावर आम्ही रेजीन मावशीच्या ओसरीवर बसलो होतो. मग कुणीतरी म्हणालं, यंत्रावर तर लाँच पुलापाशी होती, मग ती तोंडाशी आली कशी? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. रागानं नाही. नुसतेच. उत्तराची वाट बघत, नेहमीसारखे.

इथे मी थांबतोय. पाणी पिऊन आलो.

मी म्हटलं — आवाज खाली आणून, दुःखी माणसाचा असतो तसा करून — "कुणीतरी मागाहून खबर दिली असंल. मास्तर त्या दिवशी सकाळीच ठाण्याला गेले होते ना?"

एवढंच. मी मास्तरांवर आरोप केला नाही. मी फक्त विचारलं. असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं असेल?

पास्कू मास्तर आमच्या शाळेचे. अर्ध्या गावाला त्यांनी लिहायला शिकवलं, मलासुद्धा. त्या दिवशी ते बायकोच्या औषधासाठी ठाण्याला गेले होते. काळ्या बाजाराच्या तांदळाला ते हात लावत नसत आणि तसं तोंडावर बोलूनही दाखवत. म्हणून माझं बोलणं लोकांना पटायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात शाळेत सहा मुलं उरली. विहिरीवर मास्तरांच्या बायकोची कळशी लोक बाजूला सरकवायचे. कोळणी त्यांच्या दारावरून हाक न देता पुढे जायच्या.

मी त्याच आठवड्यात भाईंदरला जाऊन बॅटरी भरून आणली होती. भोंगे लावले, आणि लाँचवरचा तोच अडखळणारा हात इनासच्या होडीचा अहवाल ठाण्याला सविस्तर कळवत होता. नेहमीच्या फेरीत होडी दिसली. कुणाकडून कसलीही खबर मिळाली नव्हती. एक इसम बुडाला. मी ते कागदावर उतरवून घेतलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग चुलीत घातलं.

म्हणजे मला नुसता संशय नव्हता. मास्तर निर्दोष आहेत हे मला पक्कं माहीत होतं. गावात फक्त मलाच.

पुढच्या वर्षी मास्तरांची बायको गेली. पेटी उचलायला गावातलं कुणी आलं नाही. वसईहून तिचे दोन भाऊ आले होते, तिसरा खांदा चर्चच्या घंटेवाल्यानं दिला, चौथा मास्तरांनी स्वतः. ते ठेंगणे, त्यामुळे पेटी एका अंगाला कलत होती. मी खिडकीत उभा होतो. दार बंद करून.

त्यानंतर एका दुपारी मास्तर माझ्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"फ्रान्सू, तू यंत्रावर सगळं ऐकतोस," ते म्हणाले. "खबर कुणी दिली, ते त्यात आलं असेल ना रे? माझं नाव नव्हतं, एवढंच लोकांना सांग. तुझं ऐकतील."

माझ्या मागे भिंतीला लागून शिडी होती. वर यंत्र होतं.

"यंत्र सगळंच सांगत नाही, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं असावं असं मला वाटतं. "बरं," म्हणाले, आणि गेले. महिन्याभरात शाळेची किल्ली चर्चमध्ये देऊन ते वसईला मेव्हण्यांकडे राहायला गेले.

रेशन उठेपर्यंत मी गावासाठी ऐकत राहिलो. रेजीन मावशी पहिल्या मासळीतला वाटा माझ्या घरी पाठवायची. तिच्या पोरासाठी मी फार रडलो होतो, असं ती सगळ्यांना सांगे. तो वाटा मी घेतला. दर वेळी.

मास्तर त्यानंतर पाच वर्षं जगले. होडीनं त्यांच्या दारापर्यंत जायला मला अर्धा तास लागला असता. वारा चांगला असता तर त्याहून कमी. मी गेलो नाही.