नियमचाचा आणि महासंघ

आम्हाला स्केटिंग शिकवणारे नियमचाचा शिट्टी फुंकण्याआधी चष्मा लावायचे. आधी पुस्तिकेत बघणार, मग शिट्टी. आखातात एका स्केटिंग रिंकवर लोकांच्या स्केट्सची चाकं आवळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. रत्नागिरीला परतताना बाकीच्यांनी अत्तरं आणि ब्लँकेटं आणली, यांनी आणली स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची नियमपुस्तिका. ‘‘पायाला चाकं बांधलीस ना? मग तू त्यांच्या हाताखाली,’’ असं ते आम्हाला बजावायचे.

महासंघाची बैठक झाली की बदललेले नियम ते मोबाइलवरून वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. पत्रंही धाडायचे. ‘ट्रॅक ओला असल्यास शर्यत थांबवा म्हणता, मग आम्ही रत्नागिरीकरांनी चार महिने थांबायचं काय?’ यावर ‘विचारार्थ ठेवले आहे’ असं उत्तर आलं, तेव्हा चाचांनी मैदानभर खजूर वाटले. माझी आई म्हणायची, ‘‘सख्ख्या भावाला फोन करायला सवड नाही, नि जगाला पत्रं!’’

जिल्हा संघाच्या निवडीला माझं माझ्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर मी पाय हवेतून पुढे फेकला आणि जिंकले. पंचांनी नाव पुकारलं, एवढ्यात चाचा वही घेऊन त्यांच्या टेबलाकडे निघाले. नवा नियम आदल्याच दिवशी आला होता : रेषा ओलांडताना चाक जमिनीला टेकलेलं हवं. आमच्या चाकांच्या बेअरिंगमधली लाल धूळ काढण्याच्या गडबडीत तो आम्हाला सांगायचा राहून गेला होता. मी दुसरी ठरले आणि पहिलीचीच निवड होणार असल्याने संघाबाहेर गेले.

‘‘कोणाला कळलं असतं, चाचा?’’ मी रडत विचारलं.

‘‘मला कळलं होतं ना गो,’’ ते म्हणाले.

मी स्केट्स माळ्यावर टाकले. चाचा समोरून आले की मी रस्ता बदलायची. किती दुष्टपणा केला मी, आज आठवलं तरी लाज वाटते.

गेल्या वर्षी चाचा गेले. चाचींनी त्यांची वही माझ्या हातात ठेवली. तिच्यात महासंघाला लिहिलेल्या एकाच पत्राचे सहा मसुदे होते, वर्षाला एक. ‘नियम बरोबर आहे. तो मीच लावला. पण मुलीला सांगायला मी विसरलो. चूक माझी, शिक्षा तिला झाली. तिची माफी कशी मागावी, याचा नियम पुस्तिकेत सापडत नाही. कृपया कळवावे.’

‘‘दरसाल धाडायचे, जवाब कधी आला नाय गो,’’ चाची म्हणाल्या.

जवाब मीच दिला असता. चार घरं सोडून तर राहत होते मी.