उमेशसाठी ठेवलेलं दार

रविनाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. चूल मागून, आधी लॅपटॉप. ती माझी पुतणी. जव्हारच्या एका महिला गटाची वेबसाइट सांभाळते. आमच्या साखरशेतच्या बाया त्या वेबसाइटवर नाचणीचं पीठ विकतात. आधी हे काम तिचा भाऊ उमेश ठाण्याच्या खोलीतून करायचा. तोही चारलाच बसायचा. गेल्या साली तापाने गेला.

सर्व्हरच्या दारावर राखणदार असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. कुणाला आत घ्यायचं ते तो लिहून दिलेल्या नियमांवरून बघतो. जुना एका कंपनीचा होता. त्याचं भाडं गटाला झेपेना. रविनाने दुसरा घ्यायचं ठरवलं. हा फुकट मिळतो, आणि कुणालाही आतून उघडून बघता येतो.

मी जन्मभर दगडाचे बांध घातले. म्हटलं, "जुने नियम उचल, नव्यात टाक."

"काका, जुन्या बांधाचा दगड तुम्ही न बघता उचलता? खाली फुरसं असलं तर?"

तिने एकेक नियम तपासून नव्याने लिहिला. मान अवघडली, पण सोडलं नाही.

एकच नियम तिने न तपासता नेला. उमेशच्या खोलीतून येणाऱ्याला दार उघडं. आमच्या घरची रीत आहे. गेलेल्याचा वीर, म्हणजे त्याच्या नावाचा कोरीव दगड, बसेपर्यंत दाराला कडी घालायची नाही. त्याला यायला वाट हवी. उमेशचा वीर बसायचा होता.

नवा राखणदार चालू झाला. दुसऱ्या पहाटे रविनाचा हात थांबला.

"काका, दादाच्या खोलीतून कुणीतरी आत यायला बघतंय. नाव दादाचंच."

मी तिच्या पाठीमागे येऊन स्क्रीनकडे पाहिलं.

"राखणदाराने सोडलं, पण पुढे पासवर्ड चुकला. परत चुकला."

"त्याचा लॅपटॉप तिथंच राहिला ना? नवा भाडेकरू असंल."

"असंल. पण चारलाच?"



कुणी आत शिरलं असतं तर गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, बायांचा धंदा, सगळं गेलं असतं. रविना म्हणाली, "दादा, तू असशील तर रागावू नको." आणि नियम पुसला.

अजून चारला कुणीतरी येतं. राखणदार परतवतो. ती बघत राहते.

"भावाला बाहेर ठेवला मी, काका."

"मग घरी आण त्याला. वीर बसला की त्याला ते दार लागणार नाही."

वीर बसवायचा खड्डा मी खणला. दगड ठोकून पाहिला, कुठे चीर नव्हती. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. पाथरवटाला रविनाने आपल्या पगारातून पैसे दिले.