भित्र्या ताईची चावी

ताई फोनवर बोलतानाही तोंडावर ओढणी धरायची. पांढरकवड्याजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सगळे तिला ‘भित्री ताई’ म्हणत, आणि चिडवणाऱ्यांत मी, सुपरवायझर, सगळ्यात पुढे. वणीची पोर, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. बोंडअळीच्या त्या वर्षांत कापूस किडका, ओलसर यायचा आणि त्याचे उंच ढीग, म्हणजे गंज्या, आतून तापायच्या. म्हणून शेठजींनी तिच्याकडून गंजीत उष्णता मोजणारं यंत्र बसवून घेतलं. आकडा थेट फोनवर यायचा.

ताईला धास्ती त्या आकड्याचीच. “भाऊ, आकडा उघडा गेला त कोणीबी वाचते, अन् कोणीबी खोटा धाडते,” म्हणायची. म्हणून तिने तो कुलूपबंद केला. वाटेत कोणी पकडलाच तर नुसती गिचमीड दिसावी. चावीचा शब्द ठाऊक असेल त्यालाच उलगडावा, अन् त्यालाच धाडता यावा. जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, तसंच हे, असं ती शेठजींना समजावून सांगे.

फिटर रहीमचाचांनी शेठजींकडून कळलेला तोच शब्द यंत्राच्या डब्यावर पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवला! बेअरिंगचा नंबर, तेल बदलल्याची तारीख, सगळं ते मशीनवरच रंगवत. दुपारी ताईने ते पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“काहून लिवलं हे, चाचा?”

“बेटी, याद कोन ठेवते?”

आम्ही हसलो. फोनवर आकडा तर गारच होता. पण ताईचा आता त्याच्यावर विश्वास नव्हता. शेडमधल्या गंजीवर बाया कापूस उपसत होत्या. ती तिकडे धावली, गंजीत कोपरापर्यंत हात खुपसून किंचाळली, “बाया बाहेर काढा!”

शेवटची बाई बाहेर पडली आणि गंजी पेटली.

यंत्र बिघडलं होतं की कोणी खोटा आकडा धाडला, ते कधीच कळलं नाही. गाडीवाले, दलाल, हमाल, त्या डब्यासमोरून कोण गेलं नव्हतं? तेव्हापासून ओळखीचा चेहरा दिसला तरी मी डब्यासमोर आडवा उभा राहू लागलो.

ताईने नवं यंत्र लावलं, शब्द बदलला आणि फक्त माझ्या कानात सांगितला. “लिवू नोका, भाऊ. शेठलेबी सांगू नोका. ते चाचाले सांगतीन.”

त्याच हंगामात काविळीने ती गेली. वणीला तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले. मला रडू आवरेना. पण रडता रडता मनात मी तो शब्दच घोकत होतो. आता तो ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो, आणि सकाळी बाया गंजीवर चढणार होत्या.