उद्या एकादशी

रिकामा वेळ सत्कारणी लावा, असं सांगणाऱ्या शहाण्यांना एकदा डिलाईल रोडला आणून उभं केलं पाहिजे. सकाळी साडेआठला, गिरणीच्या फाटकाबाहेर. काम न मिळालेले बदली कामगार तिथून परत फिरत असतात. हातात अख्खा दिवस, आणि तो ठेवायला जागा नाही.

हे आज सुचतंय. सत्तावन्न साली कोंडीरामला उपदेश करणारा गाढव मीच होतो.

कोंडीराम संगमेश्वरकडचा, चार वर्षं बदली विणकर. कायम कामगाराने खाडा केला, म्हणजे तो कामावर आला नाही, तर त्याच्या मागावर ह्याला उभं करायचं. ह्याची भाकरी दुसऱ्याच्या तापावर. सातच्या आत फाटकावर हजर राहायचं, आणि मुकादमाने "भरलं रे, जावा" म्हटलं की मागे वळायचं. वळून जायचं कुठे? गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गावकीच्या एका खोलीत सव्वीस माणसं. सकाळी तिथे रात्रपाळीवाले आडवे झालेले. त्यांची झोप मोडायची नाही, हा खोलीचा कायदा. म्हणून कोंडीराम चाळीच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीला बसायचा. कुणी आलं की पाय आखडायचा, गेलं की सोडायचा. तीनला दुसऱ्या पाळीसाठी पुन्हा फाटक.

मी तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या कामात बुडालेलो. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं रस्त्यावर शिकलो, आणि त्याचा मला माज होता. अजून आहे. अर्ध्या चाळीची पत्रं मी लिहायचो. कोंडीरामचीही मीच. गावाकडून त्याची पोर सुभद्रा उत्तर लिहायची. दुसरीतली पोर, पण पत्र ठणठणीत. एकदा तिने लिहिलं, "बाबा, तुमचं अक्षर आमच्या गुरुजींपेक्षा सुंदर आहे. मे महिन्यात मी मुंबईस येईन तेव्हा माझ्या वहीवर माझं नाव तुम्हीच घाला."

मी वाचून हसलो. कोंडीराम हसला नाही.

"तिला सांगू नका, अप्पा."

"अरे, मे महिन्याला अवकाश आहे," म्हणून मी विषय झटकला आणि कामाला लागलो. मला भिंती रंगवायला माणूस हवा होता.

"पायरी झिजवतोस नुसता. कंटाळा नाही येत?"

"येतो की. पण तोही माझ्यासारखाच. आला की बसूनच राहतो."

"मग ऊठ. घोषणा रंगव."

"अक्षर कुठं येतं मला?"

"यायचं कशाला? मी चिठ्ठीवर काढून देतो. तू नक्षी समजून उतरव. विणकर ना तू?"

आणि उतरवली लेकाने! दुपारी फाटकावरचा पोलीस जेवायला गेला की हा गेरूचं डबडं घेऊन भिंतीशी. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' माझं अक्षर, हातभर उंचीचं. शिरोरेघ उजवीकडे जरा चढती, अगदी माझ्यासारखी. पोलिसांनी चुना फासावा, ह्याने पुन्हा काढावं. महिनाभर असं चाललं. दमायचा, पण पायरीवर बसून जेवढा दमायचा त्यापेक्षा कमीच.

मग ती गंमत झाली. गंमत आज म्हणतो.

आमच्या खाणावळवाल्या आनंदीबाईंच्या पाट्याही मीच लिहायचो. एका चिठ्ठीच्या पाठीवर त्यांचा मजकूर राहून गेला होता. कोंडीरामने चिठ्ठी धरली उलटी. त्याला दोन्ही बाजू सारख्याच. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गिरणगावाने वाचलं, गिरणीच्या भिंतीवर, चार पावलं लांब: 'आनंदीबाईंची खाणावळ. उद्या एकादशी. भात नाही.'

माणसं पोट धरून हसली. आनंदीबाई लाटणं घेऊनच आल्या. "अप्पा, मेल्या, मी काय सरकार पाडतंय? माझं नाव भिंतीवर कशाक?"

माझं डोकं फिरलं. कोंडीरामला भर रस्त्यात धरलं. "ठोंब्या! अरे, महिनाभर तेच काढतोयस, एक अक्षर ओळखू आलं नाही? ह्या असल्या डोक्यावर महाराष्ट्र मिळणार आम्हाला?"

त्याने डबडं माझ्या पायाशी ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसला. त्यानंतर माझ्याकडे आला नाही.

आमच्या घोषणांवर चुना बसत राहिला. पण त्या ओळीला पोलिसांनी हात लावला नाही. सरकारला एकादशीचं भय नव्हतं. ओळ टिकली, आणि बदली कामगारांना एक बोली मिळाली. फाटकावरून परत येणाऱ्याला कुणी "मिळालं?" विचारलं की तो म्हणायचा, "उद्या एकादशी."

एप्रिलात एका दुपारी मी तिथून जात होतो. रस्ता तापलेला, माणूस नाही. कोंडीराम त्या ओळीसमोर उभा. बोट 'भात'मधल्या भ वरून फिरवत होता. वरून खाली, मग वळण, मग दांडी. पुन्हा वरून. मी थबकलो. सुभद्रातला भ. आमच्या सबंध घोषणेत भ नाही, द नाही. हे मी कधी मोजलं नव्हतं. त्याने मोजलं होतं.

पुढे होऊन "ये, मी शिकवतो" म्हणायला हवं होतं. पण तसाच पुढे निघून गेलो. माफी मागायची सवय नव्हती.

मे महिन्यात कोंडीरामची बायको, लक्ष्मीवहिनी, पोरीला घेऊन आल्या. गावकीच्या खोलीत बायकांना जागा नाही, म्हणून घोडपदेवला आपल्या भावाकडे उतरल्या. रविवारी वहिनींचा निरोप आला, पोरीला पत्रातले अप्पाकाका बघायचेत. गेलो. पोरीने वही पुढे केली. "बाबा, नाव घाला."

कोंडीरामने टाक घेतला. कपाळावर घाम. संयुक्तातला स आला, त्याला मुंबईचा उकार. भातातला भ. एकादशीतला द. आणि त्याच्या पोटाखाली त्याने महाराष्ट्रातल्या 'ष्ट्र'ची टोपी बसवली, कारण जोडलेला र त्याने तेवढाच पाहिला होता. मग काना, आणि चढती शिरोरेघ.

पोर बघत राहिली. "बाबा, द्र असा नसतो. पत्रात तर तुम्ही बरोबर काढता."

मी म्हणणार होतो, टाक खराब आहे गं. थापा मारण्यात मी कुणाला हार जात नाही. पण कोंडीराम आधी बोलला.

"पत्रं ह्या काकांनी लिहिली. हे मी लिहिलं."

पोरीचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "मग पत्रात मला 'माझी म्हातारी' कोण म्हणतं?"

"ते मीच. अक्षर त्यांचं, बोलणं माझं."

तिने वही ओढली, खाली ठसठशीत 'द्रा' काढला आणि गुरुजींच्या सुरात म्हणाली, "दहा वेळा काढा."

वहिनी पदराआड हसल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. कोंडीरामने त्यांच्यादेखत तीनदा काढला, मग बोटं आखडली.

सोमवारी सकाळी नऊला मी चाळीत शिरलो. कोंडीराम तिसऱ्या पायरीवर, हातात खडूचा तुकडा. पायरीवर 'द्रा' काढत होता. वरून कुणी उतरलं की पाय आखडायचा. उतरणारा अक्षरावर पाय देऊन जायचा. हा पुन्हा काढायचा.

"मिळालं?" मी विचारलं.

"उद्या एकादशी," तो म्हणाला. मान वर न करता थोडा सरकला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"बोटं सैल धर," म्हटलं. "कितवा हा?"

"सातवा."