मागणारी मांजर

मला मांजरी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई मांजरवेडी आहे. आमच्या घरात मांजर शिरली ती मला न विचारता, आणि राहिली ती माझ्या नाकावर टिच्चून. नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता. नाव ठेवलं की मग ती आपली होते, आणि मला ती व्हायला नको होती.

आमचं घर सोलापुरात, यंत्रमागांच्या वस्तीत. आमच्या ह्यांनी उभं आयुष्य चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मागावर काढलं. मूळचे माढ्याकडच्या खेड्यातले. शहरात येऊन जन्म गेला तरी जीभ तिकडचीच राहिली. कान मात्र कारखान्यानं ठेवून घेतले. तिथल्या खटखटाटात शेजारच्या मागावरचा माणूस गळा फाटेस्तोवर ओरडला तरी ऐकू जात नाही, सगळे हातवाऱ्यांनीच बोलतात. ह्यांचे कान एकदम गेले नाहीत, हप्त्या-हप्त्यानं गेले. आधी फोनची रिंग गेली, मग कुकरची शिट्टी, आणि शेवटी मी.

कानाचं मशीन घ्या म्हणून मी किती डोकं फोडलं! लेकीनं पुण्याहून येऊन सांगितलं, जावयानं सांगितलं. ह्यांचं एकच. "कानात बटन घालून हिंडू व्हय? लोक म्हातारा म्हणतील की." अहो, डोक्यावर काळा केस औषधाला शिल्लक नाही, आणि म्हणे लोक म्हातारा म्हणतील! शेवटी मीही नाद सोडला.

खरं सांगायचं तर बहिरेपणाचं मला इतकं वाटत नव्हतं. जीव तुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीनं. ह्यांनी मागणंच सोडलं होतं. पूर्वी कारखान्यातून आले की दारातूनच सुरू व्हायचं. चहा टाक, आज शेंगांची आमटी कर, माझा पंचा कुटं ठेवलास. मी वैतागायची. आता काहीच नाही. काही मागितलं की मी उलट काहीतरी विचारणार, ते ह्यांना ऐकू येणार नाही, मग मी ओरडणार आणि ते सगळी गल्ली ऐकणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. ताटात जे पडेल ते खायचं, मीठ कमी असलं तरी खायचं, आणि दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचं. माणूस घरात असून नसल्यासारखा. मला भीती वाटायची की हा माणूस असाच माझ्या डोळ्यांदेखत आतल्या आत मिटून जाणार, आणि मी भाकरी थापत बसणार.

अशात ती मांजर आली. आणि तिला तर मागण्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं!

माझ्याशी ती तोंडानं बोलायची. दूध हवं असलं की तोकडं, ठसक्यातलं 'म्यांव'. दार उघडायचं असलं की लांबवलेलं, रडकं. ताटली रिकामी दिसली की एक चिरका आवाज काढायची, तो सरळ सरळ शिवी दिल्यासारखा. पंधरा दिवसांत मला तिचे सगळे आवाज पाठ झाले, म्हणजे बघा. पण ह्यांच्यापुढे ती तोंडच उघडत नसे. सुरुवातीला एक-दोन दिवस ओरडून बघितलं असेल तिनं. हे ढिम्म. मग बाईसाहेबांनी पद्धत बदलली. खुर्चीपाशी जायचं आणि ह्यांच्या पायावर पंजा ठेवायचा. नखं आत घेऊन, अलगद. नाही बघितलं तर पुन्हा पंजा. तरीही नाही, तर लुंगीचं टोक दातात धरून ओढायचं. हे खाली बघायचे, ती वर बघायची, आणि दोघांचं काय ते बोलणं होऊन जायचं. तिला हे कुणी शिकवलं? मला तर इतकी वर्षं आवाज चढवण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. चिडचिड व्हायची माझी ते बघून. हेवाच वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या पाण्याचं सांगायला हवं. सोलापूरकरांना नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. कधी सुटेल ते नळालाच ठाऊक. त्यातून दाब इतका कमी की नळ जमिनीच्या वर घेतला तर थेंब चढत नाही. म्हणून आमच्या दारापुढे खड्डा खणून गल्लीचा सामाईक नळ खाली नेलेला, आणि वर शहाबादी फरशी झाकलेली. पाणी आलं की फरशी सरकवायची आणि वाकून भरायचं. पाणी सुटायच्या आधी पाइपात हवा फुसफुसते. ती आपल्याला ऐकू येत नाही, पण मांजरीला येते. आणि ह्या महाराणीला भांड्यातलं शिळं पाणी चालत नसे, वाहतंच लागायचं. त्यामुळे हवा फुसफुसली की ती आमच्या फरशीवर जाऊन बसायची आणि 'या, उघडा' म्हणून गळा काढायची. थोड्या वेळात खरंच पाणी यायचं.

समोरच्या घरातल्या अक्कांच्या हे आधी लक्षात आलं. अक्का मूळच्या तेलंगणातल्या विणकरांच्या घरातल्या. बोलतात तेलुगू-मराठी मिसळून, पण पाणी आलं की एकदम खणखणीत मराठी. "मांजर ओरडली गं! घागरी काढा!" झालं, गल्लीला रिवाजच पडला. महापालिकेच्या वेळापत्रकावर कुणाचा विश्वास नव्हता, आमच्या मांजरीवर होता. मला गल्लीत मान मिळायला लागला तो तिच्यामुळे. आता काय म्हणणार!

तिला तीन पिल्लं झाली ती ह्यांच्या कॉटखाली, जुन्या चादरींच्या गाठोड्यावर. मी बोलायचं ते बोलून घेतलं. पिल्लं जरा रांगायला लागल्यावर एका सकाळी तिनं बिऱ्हाड हलवायला काढलं. मानगूट धरून एकेक पिल्लू अक्कांच्या जिन्याखाली नेत होती. मी झाडू मारता मारता बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, पीडा गेली.

दोन पिल्लं पोचली. तिसरं तिच्या मागं आपल्या आपणच दुडुदुडु निघालं आणि आमच्या फरशीच्या फुटक्या कोपऱ्यातून खाली खड्ड्यात पडलं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की मांजर फरशीवर बसून ओरडते आहे.

"घागरी काढा!" अक्कांनी समोरून हाळी दिली. पाण्याची पाळी नव्हती, पण पाळीचं काय घेऊन बसलात, मांजर ओरडली ना! बघता बघता हंडे, कळश्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, सगळी रांग लागली. मी माझी मोठी घागर आणली आणि जागा धरायची म्हणून नेमकी त्या फुटक्या कोपऱ्यावर ठेवली. आतून येत असेल नसेल तो बारीक आवाजही बंद.

मांजर माझ्या पायांत घोटाळायला लागली. माझ्याकडे बघून ओरडायची, फरशीकडे पळायची, परत यायची. हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि तरी मी तिलाच समजावत होते. "हो गं बाई, कळलं. येतंय पाणी. तुलाच पहिलं देते." दुसरी एक बाई म्हणाली, "आज लई जोराचं येणार दिसतंय, बघा कशी ओरडतीय." सगळ्याजणी खूश. आम्हाला पाणी हवं होतं, म्हणून तिलाही पाणीच हवं असणार, यात कुणाला शंकाच नाही! आणि ते पाणी तेव्हाच आलं असतं तर तो खड्डा आधी भरला असता. आमच्या नळाला तोटीच नाही.

शेवटी तिनं आमचा नाद सोडला. सरळ दाराशी गेली आणि ह्यांच्या पायावर पंजा ठेवला.

ह्यांनी खाली बघितलं. उठले, आत गेले, वाटीत दूध घेऊन आले. ती दुधाकडे बघेचना. लुंगी धरली आणि ओढायला लागली. हे वाटी ठेवून तिच्या मागं निघाले. फरशीपाशी आले, ती जिथं नाक लावत होती तिथं बघितलं, आणि माझी घागर उचलून बाजूला ठेवली. मी कडाडले, "अहो, माझा नंबर जाईल ना!" कोण ऐकतंय! त्यांनी फरशी ढकलली, जमिनीवर पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

आणि नेमकं तेव्हाच पाणी सुटलं. पाळी नसताना! पाइप खाकरला, आणि खड्ड्यात धो धो आवाज. सगळ्या बायका एकदम ओरडायला लागल्या. "काका, उठा! पाणी आलं! शर्ट भिजतोय!" ह्यांना काही नाही. हात अजून आत, गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले. कोपऱ्यात चाचपडत होते. मी जवळ गेले तेव्हा मला कळलं की हे पाण्यासाठी झोपलेले नाहीत.

हात बाहेर आला तो मुठीत पिल्लू घेऊन. पिळलेल्या टॉवेलासारखं झालेलं. क्षणभर हललं नाही. ह्यांनी ते उलटं धरून पंच्यानं चोळलं, चोळलं, आणि मग ते शिंकलं. देवा रे! मांजरीनं ते त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं आणि चाटायला बसली. नळ वाहत होता, खड्डा भरून पाणी रस्त्यावर चाललं होतं, आणि सोलापुरातल्या बायका घागरी हातात घेऊन नुसत्या बघत उभ्या होत्या. असं कधी झालं नसेल.

हे चिखलात तसेच बसून होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ती वरडत हुती व्हय गं?"

मी हात पसरून दाखवलं. अख्खी गल्ली!

"कशी वरडती ती? मी कदी ऐकलंच न्हाय."

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि म्यांव केलं. साठीची बाई मी, भर रस्त्यात. अक्का हसून खाली बसल्या. ह्यांनी मान हलवली, नाही आलं ऐकू. मी पुन्हा केलं, पोटातून. हे पिल्लू चाटणाऱ्या मांजरीकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "त्या मशीनवाल्या डॉक्टरकडं न्हेतीस का मला?"

आनंद व्हायला हवा होता ना? मला आला राग. माझा आवाज ऐकावा असं नाही वाटलं ह्या माणसाला, लेकीचा नाही, आणि मांजरीचा! पण तो राग तोंडावर आलाच नाही, त्याच्या आधी डोळे भरले. मी पदरानं पुसले आणि म्हटलं, उद्याच जाऊ.

मशीन बसलं. पहिल्या दिवशी हे पंख्याकडे बघून म्हणाले, "ह्यो एवढा बोलतोय व्हय?" रिक्षाला दचकले, स्वतःच्या चपलांना दचकले. आणि मग खुर्चीत ताठ बसून मांजरीची वाट बघायला लागले. ती आली. ह्यांच्याकडे बघितलं, पायावर पंजा ठेवला आणि गप्प. "बोल की," हे म्हणाले. ती कशाला बोलेल! तिच्या हिशेबात हा माणूस बहिरा. माझ्यापाशी येऊन घर डोक्यावर घ्यायची आणि ह्यांच्यापुढे मौनव्रत. मी हसून हसून कोलमडले. हे खरंच खट्टू झाले. आठवडाभरात मशीन पुन्हा डबीत जाणार, अशी मला धास्ती पडली.

एका सकाळी मी भाकऱ्या करत होते. मांजर चुलीपाशी येऊन तिच्या त्या तोकड्या आवाजात सुरू झाली. मी मान वर न करताच, नेहमीसारखी आपली आपल्याशी बोलल्यासारखी म्हणाले, "आता काय पाहिजे तुला? दूध झालं, पोळी झाली, आता ही गरम भाकरी देऊ का?"

बाहेरून खुर्चीतून आवाज आला, "तिला कशाला? मला दे की. शेंगाची चटणी घाल वर, आन् त्याल जरा सढळ हातानं."

माझा हात तव्यावरच थांबला. भाकरी फुगली, एका बाजूनं करपली, तरी मला उलटायचं सुचेना. कितीतरी वर्षांत ह्या माणसानं काहीतरी मागितलं होतं. मी गळा काढून ओरडले, "देते, देते हो! दोन देते!"

"अगं वरडतीस कशाला," ते म्हणाले, "ऐकू येतंय की मला."