अर्ध्या खुर्चीवरची बाई

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं ती एका ओतशाळेत कामाला होती. संस्थापकांचे, पुढाऱ्यांचे ब्राँझचे पुतळे साच्यातून निघाले की त्यांची नाकं, मिशा, कोटाची बटणं कानशीनं घासून नीट करायची. पुतळ्याखाली नाव शिल्पकाराचं. त्याचं तिला वाईट वाटत नसे, पण स्वतःचं काहीतरी करायला हात शिवशिवत.

तिचे वडील अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या काळात आई खुर्चीत कधी टेकून बसली नाही. अर्ध्या खुर्चीवर, डावी टाच उचललेली. हाक आली की उठायला तयार. वडील गेले, तरी आई तशीच बसत राहिली. एकदा मटार सोलणाऱ्या आईकडे बघता बघता भिंगरीनं मेणाचा गोळा हातात घेतला.

आठ महिने, प्रत्येक सुट्टीच्या दिवशी, ती मेणात आई घडवत होती. ओतशाळेतल्या म्हाताऱ्या ओताऱ्यानं ती ब्राँझमध्ये ओतून दिली. साचा फोडला, तर धातू डाव्या टाचेपर्यंत पोचलाच नव्हता. तिथं भोक.

"धातूचा डाग देऊन बुजवू," ओतारी म्हणाला. "कुणाच्या लक्षात येणार नाही."

"माझ्या येईल ना. सगळी बाई त्या टाचेवर उभी आहे, मामा."

"बसलेली आहे ना पण?"

"तीच तर भानगड आहे."

साचा भाजताना आतलं मेण तर वितळून गेलेलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला टाच उतरली. वार्षिक कलाप्रदर्शनवाल्यांनी मात्र दोन वर्षं मूर्ती परत पाठवली. तिसऱ्या वर्षी निवड झाली आणि पहिलं बक्षीसही मिळालं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. ओतशाळेच्या ज्या मालकाला तिचं आडनाव कधी आठवत नसे, त्यानं स्वतःची खुर्ची पुढे केली. तिचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. आईला तिनं विचारलंच नव्हतं.

शेवटी आई प्रदर्शनात आली. मूर्तीभोवती दोनदा फिरली.

"मी अशी बसते?"

"हो."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, नीट टेकून बस म्हणून."

त्याच आठवड्यात भिंगरीनं आईच्या पाठीशी उशी ठेवली. आई पाच मिनिटं बसली, मग हळूच पुढे सरकली. "राहू दे गं," म्हणाली.

मूर्ती संग्रहालयानं घेतली. एका व्यापाऱ्यानं तशाच दहा मागितल्या, त्याला तिनं नाही म्हणून सांगितलं. नोकरी सोडून तिनं मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. आता लोक तिला नावानं ओळखतात. कुणाचीही मूर्ती ओतण्याआधी ती त्या माणसाला विचारते. परवा धाकट्या मावशीनं साफ नकार दिला, तेव्हा निम्मी झालेली मेणाची मावशी तिनं मुकाट्यानं वितळवून टाकली.