उतारावर मोजलेलं तेल

डिझेलचं इंजिन स्वतःचंच तेल पिऊन धावू शकतं, हे मला पन्नाशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. कळलं ते माझ्याच करणीमुळे. पण त्या दिवशी इंजिनापेक्षा मोठं नुकसान माझ्या तोंडाने केलं, आणि ते लिहून काढल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

दहिसरला नदीच्या अंगाला आमची छोटी रोपवाटिका आहे. मी आणि बायको मिळून चालवतो. बोरिवली-कांदिवलीच्या टॉवरांमध्ये कुंड्या, लाल माती, शेणखत पोचवायला एक जुनी डिझेल पिकअप आहे. तिचा डावा दरवाजा आतून उघडत नाही. सकाळी पहिल्यांदा चालू केली की खोकल्यासारखा काळा धूर सोडते आणि मग दिवसभर मुकाट राबते. तिची सगळी देखभाल जोगेश्वरीच्या एका मेस्त्रींकडे होती. सत्तरीचे, मूळ मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत मशीनवर होते, गिरणी बंद पडल्यावर गाड्यांकडे वळले. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा एक गाळा, आणि वर दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची शिक्षिका मुलगी.

त्यांचं काम बघताना मी माझं काम विसरत असे. एकदा गाडी अडखळत होती. त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि चारही सिलिंडरना डिझेल नेणाऱ्या बारीक नळ्यांचे नट पाना लावून एकेक करून सैल केले. एक सैल केला, इंजिन लंगडलं. घट्ट केला, सावरलं. दुसरा, तेच. तिसरा सैल केला आणि काहीच झालं नाही.

"ह्यो बघ. ह्यो आधीपासूनच सुटीवर होतो," ते म्हणाले. "ऑफिसात कोण काम करता, कोण नाय, ता पण असाच शोधूक होया. एकेकाक सुटी देवन बघायची!"

मी हसलो, पण आतून थक्क झालो होतो. ना मशीन लावलं, ना कॉम्प्युटर. एक पाना, आणि फरक ओळखणारे कान.

त्यांची एकच अट होती. तेल मोजायच्या पट्टीला मी हात लावायचा नाही. "तेल मी बघतलंय. तू झाडांका पाणी घाल."

गेल्या वर्षी त्यांनी इंजिनाचं तेल बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेच्या गल्लीत मी सहज पट्टी ओढून बघितली. टोकाला जेमतेम ओल. पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. आणि माझ्या डोक्यात जो विचार आला, त्याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला वाटलं, म्हाताऱ्याने तेलाचा डबा अर्धाच ओतला आणि उरलेला ठेवून घेतला. वर्षानुवर्षं ज्याच्या हातांकडे मी बघत राहिलो, त्याला मी एका सकाळी मनातल्या मनात चोर ठरवलं. विचारायचं धाडस झालं नाही. स्वतःच डबा आणला आणि लिटरभर ओतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा कोरडी वाटली, पुन्हा ओतलं. तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. बायको कुंड्या भरता भरता बघत होती.

"त्यांना विचारलंस का?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? कमी आहे, दिसतंय ना."

चौथ्या दिवशी गाडी निळा धूर ओकायला लागली. मी घाबरून थेट जोगेश्वरीला नेली.

मेस्त्रींनी इंजिन चालू केलं, आवाज ऐकला, आणि एकदाच ॲक्सिलरेटर दाबून सोडला. इंजिनाचा आवाज चढला, पण खाली येईना. चढतच गेला. त्यांनी इंजिन बंद करायची तार ओढली. काही नाही. चावी काढून हातात घेतली. तरी इंजिन धावतच होतं, अजून जोरात. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी बंद केली की खेळ संपतो. डिझेलला ठिणगी लागत नाही. आत दाबून तापलेली हवा आणि जळण्यासारखं काहीही असलं की त्याला पुरतं. जास्तीचं तेल उसळून हवेच्या वाटेने आत जात होतं, आणि इंजिन त्यावर धावत होतं. बाहेरून डिझेल द्या, देऊ नका, त्याला आता कुणाची गरज उरली नव्हती.

अख्खी गल्ली धुराने भरली. दुकानांची शटर धडाधड खाली आली. आवाज इतका वाढला की कानांना तो कळेनासा झाला, छातीवर नुसता दाब जाणवत होता. पुढची पत्र्याची बाजू थरथरत होती. आता आतलं काहीतरी फुटून बाहेर येणार, हे मलाही कळत होतं. मी पळालो. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या मागे जाऊन वाकून बसलो.

मेस्त्री पळाले नाहीत. त्यांनी हवेचा रबरी पाइप उपसून काढला, इकडे-तिकडे बघितलं, ते बसायचे तो लाकडी पाट उचलला आणि दोन्ही हातांनी इंजिनाच्या त्या उघड्या तोंडावर दाबून धरला. इंजिन हादरलं, धापा टाकल्यासारखं दोनदा कण्हलं आणि मेलं.

मी टँकरमागून बाहेर आलो तेव्हा ते तसेच वाकून उभे होते. इंजिनाने पाट आपल्याकडे असा ओढून धरला होता की तो सोडवायला त्यांना जोर लावावा लागला. इतकी ताकद मी आयुष्यात इतक्या जवळून बघितली नव्हती, आणि ती फक्त हवा तोडून संपवणारा माणूसही नाही. भीती होतीच, पण देवळात गाभाऱ्यासमोर जसं गप्प व्हायला होतं, तसंही काहीतरी होतं त्यात.

त्यांनी श्वास घेतला, पट्टी ओढून बघितली. तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"तेल कोणी ओतल्यान?"

"मला काय माहीत, काका? मी कशाला हात लावू?"

इतकं पटकन बोललो की मलाच आश्चर्य वाटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पट्टीकडे. मग स्वतःच्या हातांकडे.

"मगे मीच," ते हळूच म्हणाले. "दोनदा ओतलंय वाटता. माका आठवणा नाय."

एव्हाना शटर वर करून लोक जमले होते. समोरचा झेरॉक्सवाला ओरडला, "काका, आता रिटायर व्हा, नायतर आख्खी गल्ली उडवाल!" सगळे हसले. मेस्त्रीही हसले. आणि मी, ज्याला खरं काय ते माहीत होतं, मीही हसलो.

इंजिन वाचलं. त्यांनी सगळं तेल काढलं, आतला भाग उघडून तपासला, दोन दिवस राबले आणि मजुरीचं नावही काढू दिलं नाही. घरी बायकोने विचारलं, "सांगितलंस ना त्यांना?" मी म्हटलं, सांगेन. तिने पुन्हा विचारलं नाही. ते जास्त जड गेलं.

महिन्याभराने ब्रेक बघायला गाडी नेली. मेस्त्री पाटावर बसले होते, मांडीवर शाळेची वही. एक नट फिरवला की लिहायचे. वॉशर बसवला की लिहायचे. मग वहीतलं वाचून पुन्हा हात लावून बघायचे. ज्यांना मी कधी दुसऱ्यांदा पाना लावताना बघितलं नव्हतं, ते प्रत्येक नट तीनदा तपासत होते.

"जरा बघ रे," ते मला म्हणाले, "ह्यो घट्ट आसा मां? तुझे डोळे चांगले आसत."

मला. ज्याला पट्टीला हात लावायची परवानगी नव्हती, त्याला.

"हे काय काका, वही कशाला?"

"इसरतंय मी. चेडवान डॉक्टरकडे नेल्यान. पुढल्या आठवड्यात डोक्याचो फोटो काढूचो आसा. आणि पुढच्या महिन्यापासून गाळो भाड्यान देतलव. मोबाइलवालो येतलो." मुलीने डॉक्टरकडे नेलं हे ते सहज सांगत होते, पण पाना हातातून खाली ठेवत नव्हते. "इंजिनाचा काम आता माका नको. त्या दिवशी कोणाक तरी लागला असता तर?"

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला होता.

"काका, तेल मी ओतलं होतं."

ते वर बघेनात. पाना फिरवत होते तो थांबला.

"किती?"

"अडीच लिटर."

"एकदम?"

"तीन दिवसांत."

"पट्टी खय बघितलंस?"

"रोपवाटिकेच्या गल्लीत."

"गाडयेचा तोंड खय होता?"

"नदीकडे. उतारावर, खाली."

त्यांनी डोळे मिटले. इंजिनाचा बिघाड शोधताना मिटायचे तसेच.

"मेल्या! उतारावर गाडी उभी करून तेल बघितलंस? तेल सगळा फुडे जाता, मागे पट्टी कोरडीच दिसतली!" आणि मग, "पण ओतलंस कशाक? माका इचारूक काय झाला होता?"

"मला वाटलं, तुम्ही डबा अर्धा ठेवून घेतला."

त्यांनी पाना खाली ठेवला. मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वर जा. माझ्या चेडवाक सांग."

मी दोन जिने चढलो. त्यांची मुलगी पेपर तपासत बसली होती. तिला सगळं सांगितलं, चोरीच्या संशयासकट. तिने लाल पेनाचं टोपण लावलं.

"तुम्हाला माहीत आहे, गेला महिनाभर बाबा दहा-दहा वेळा गॅस बंद आहे का बघतात? दार लावलं का, माझ्याकडून वदवून घेतात?" तिचा आवाज चढला नाही. "मला सांगून काय उपयोग? लोक खाली हसले होते ना, त्यांना सांगा."

खाली येऊन मी झेरॉक्सवाल्याला सांगितलं. मग पानवाल्याला, मग शिंप्याला. प्रत्येकाला तेच: तेल मी ओतलं, काकांची चूक नव्हती. झेरॉक्सवाला म्हणाला, "मग त्या दिवशी हसत कशाला होतास रे?"

गाळ्यात परत आलो तेव्हा वही मिटून फळीवर ठेवलेली होती आणि मेस्त्री माझ्या गाडीचा शेवटचा नट आवळत होते. एकदाच. चावी माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"गाडी हयच आण," ते म्हणाले. "पण तू येव नको. बायकोक पाठव."

गाळा भाड्याने गेला नाही, डोक्याचा फोटोही काढला नाही. त्यांच्याकडे जाता यावं म्हणून माझ्या बायकोने पिकअप चालवायला शिकून घेतलं, आता ती माझ्यापेक्षा बरी चालवते. दर दोन महिन्यांनी ती जोगेश्वरीला जाते, मी रोपांना पाणी घालत थांबतो.

परवा परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, इंजिन अजून दहा वर्षं मरत नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. माझ्यासमोर पट्टी काढून दाखवली. कशी बघायची ते मला शिकवलं."

"माझं काही विचारलं?"

"नाही रे," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.